मूर्ती पेटत नाही, पेंढा पेटतो

पनवेल सोडून गोवा हायवेला लागलं की पूर्वी नुसती भातखाचरं लागायची. अजूनही लागतात, पण त्यांच्या मधेमधे आता निळ्या-पांढऱ्या पत्र्यांची लांबलचक छपरं दिसतात. बंदर जवळ, मुंबई जवळ, जागा त्यामानाने स्वस्त. त्यामुळे गोदामांचं पीक उरण-पनवेलकडून सरकत सरकत पेणपर्यंत आलंय. आमच्या नात्यागोत्यात "रस्त्याकडची जागा गोदामाला दिली" हे वाक्य हल्ली लग्नकार्यात बरंच ऐकू येतं. आणि मी आगीपासून बचावाच्या यंत्रणांचं डिझाइन करतो हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे त्या वाक्याच्या शेपटाला एक प्रश्न बांधलेलाच असतो. "अरे, ते स्प्रिंकलर लावायला सांगतायत. कुठला लावू? साधा चालेल ना?"

जेवणाच्या पंगतीत या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. द्यायला गेलं की मठ्ठा येतो, मग जिलबी येते आणि विषय राहून जातो. म्हणून एकदाचं इथे लिहून टाकतो. यापुढे कोणी विचारलं की लिंक पाठवली आणि मी मोकळा :)

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा असलेल्यांची सोय होईल. स्प्रिंकलर छपराकडे बघून निवडायचा नसतो, कोटेशनकडे बघून तर नाहीच नाही. तो मालाकडे बघून निवडायचा असतो. आणि ज्या दिवशी माल बदलला, किंवा मालाची थप्पी चार फूट वर गेली, त्या दिवशी आधीची निवड रद्द झाली असं समजायचं.

आता सविस्तर.

आधी एक गैरसमज दूर करू. सिनेमात कोणीतरी लायटर पेटवून वर धरतो आणि अख्ख्या मजल्यावर पाऊस सुरू होतो. गोदामातल्या नेहमीच्या यंत्रणेत तसं काही होत नाही. तिथला प्रत्येक स्प्रिंकलर हा स्वतंत्र पहारेकरी. त्याच्या तोंडाशी काचेची बारीकशी कुपी असते, तिच्यात द्रव भरलेला असतो. आजूबाजूच्या उष्णतेने कुपी ठरावीक तापमानाला पोचली की द्रव फुगतो, कुपी फुटते आणि तेवढ्या एकाच तोंडातून पाणी येतं. धुराने तो उघडत नाही, शेजारचा उघडला म्हणूनही उघडत नाही. कुपीच्या रंगावरून तापमान ओळखायचं. लाल म्हणजे ६८ अंश सेल्सिअस, पिवळा ७९, हिरवा ९३, निळा १४१. ही कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत हेन्री पार्मली नावाच्या माणसाचा पियानोचा कारखाना होता. पियानो म्हटलं की लाकूड आणि वॉर्निश आलंच. तो कारखाना वाचावा म्हणून त्याने १८७४ मध्ये स्वयंचलित स्प्रिंकलरचं पेटंट घेतलं. म्हणजे स्प्रिंकलरचा जन्मच मुळी "माझ्याकडे माल कसला आहे" या काळजीतून झाला.

तर माल.

पेणकरांना हे समजवायला गणपतीसारखं दुसरं उदाहरण नाही. हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत आणि खुद्द पेणमधल्या कारखान्यांत चतुर्थीच्या आधी महिनोन् महिने मूर्ती मांडण्यांवर बसलेल्या असतात. खालपासून वरपर्यंत, फळीवर फळी. आता मला सांगा, मूर्ती पेटते का? शाडू पेटत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसही पेटत नाही. मग कारखान्याला आगीची भीती नाही? आहे की! मूर्ती पेटत नाही, पण तिच्या आजूबाजूचा पेंढा पेटतो. मांडणीचे बांबू आणि फळ्या पेटतात. वरची ताडपत्री, प्लास्टिकचा कागद, पुठ्ठ्याची खोकी पेटतात. रंग आणि थिनरच्या डब्यांबद्दल तर बोलायलाच नको. आणि लांबच्या प्रवासाला निघालेल्या मूर्तीला थर्माकोलमध्ये बसवून खोक्यात घातलं की मातीची मूर्ती आगीच्या हिशोबात थर्माकोल होते. बाप्पा आत तसेच असतात, पण आग बाप्पांना विचारत नाही, ती आवरणाला विचारते.

गोदामाचं शास्त्र नेमकं हेच आहे. मालाचे वर्ग पाडतात. लाकडी पॅलेटवर ठेवलेल्या टाइल्स हा सगळ्यात सोपा वर्ग, पेटण्यासारखं फक्त पॅलेट आणि पुठ्ठा. पोह्याची पोती, कागद, लाकूड, सुती कापड हा मधला. प्लास्टिकच्या खुर्च्या, बादल्या, खेळणी हा अवघड. आणि थर्माकोल किंवा फोम सगळ्यात अवघड, कारण त्याच्यात हवा भरलेली, तो पेटतो झपाट्याने आणि उष्णता टाकतो भयंकर. गंमत म्हणजे लाकडी पॅलेट काढून त्याजागी प्लास्टिकचं पॅलेट आणलं, तरी तोच माल एक-दोन वर्ग वर चढतो. माल तोच, खोकी तीच, बदललं फक्त खालचं पॅलेट. आणि हा बदल मालकाला कोणी कळवतसुद्धा नाही.

वर्ग चुकला तर काय होतं याचा धडा जगाने फार महागात घेतलाय. २१ जून १९८२ ला अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात के-मार्ट या कंपनीचं गोदाम जळालं. साधारण बारा लाख चौरस फूट. तिथे स्प्रिंकलर होते. आतल्या भिंतीही आग अडवण्यासाठी बांधलेल्या होत्या. पण रॅकवर एरोसोलचे डबे होते, म्हणजे दाबाखाली भरलेले ज्वालाग्राही फवाऱ्याचे डबे. अशा मालाची आग किती वेगाने वाढते याचा अंदाज त्या यंत्रणेत धरलेलाच नव्हता. पेटलेले डबे दिवाळीच्या बाणासारखे उडून भिंतीमधल्या दारांतून पलीकडच्या भागात गेले, तिथेही आग लागली. काही तासांत सगळं संपलं. स्प्रिंकलर नव्हते म्हणून नाही, ते दुसऱ्या मालासाठी होते म्हणून. "आमच्याकडे स्प्रिंकलर आहेत" हे वाक्य अर्धं असतं ते असं. "कशासाठी आहेत" हा उरलेला अर्धा भाग.

मालानंतर दुसरा प्रश्न, तो कसा रचलाय?

जमिनीवरचं खोकं पेटलं तर ते आपलं आपण जळत बसतं. तेच खोकं रॅकच्या तळाला असेल तर? रॅकमधल्या दोन पॅलेटच्या मधे उभी फट असते. तळाला आग लागली की ती फट धुराड्यासारखं काम करते. आपल्या जुन्या चुलीला वर कौलातून वाट मिळाली की जाळ कसा ओढला जायचा, तसं. काही मिनिटांत आग वरच्या कप्प्याला पोचते. मग कोणी म्हणेल, ती फटच बुजवून टाकू. अजिबात नाही! त्याच फटीतून वरची उष्णता स्प्रिंकलरपर्यंत पोचते आणि त्याच फटीतून पाणी खाली उतरतं. म्हणून साधारण दीडशे मिलिमीटर, म्हणजे सहा इंच, फट मोकळी ठेवायची असते. वापरात मात्र काय होतं की हंगाम आला, जागा कमी पडली, आणि माणसं फटीत आडवी खोकी सारतात. किंवा सामान पडू नये म्हणून प्रत्येक कप्प्याला सलग प्लायवूड ठोकतात. मग वरून कितीही पाणी पडलं तरी ते सगळ्यात वरच्या प्लायवूडवरून ओघळून बाजूला जातं, आणि तीन कप्पे खाली आग कोरडीच राहते. छत्रीखाली उभ्या माणसासारखी.

मूर्तीच्या कारखान्यातल्या फळ्यांची मांडणी हा अगदी असाच प्रकार आहे.

आता पाण्याकडे येऊ. इथे आपल्या भागातल्या माणसाला एक गोष्ट पटकन कळते, ती म्हणजे पाऊस. स्प्रिंकलरचं पाणी मोजायचं मापही पावसासारखंच आहे, मिनिटाला किती मिलिमीटर. २६ जुलै २००५ कोणी विसरलेलं नाही. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आता हिशोब बघा. मध्यम धोक्याच्या इमारतीसाठी आपल्या आयएस १५१०५ या मानकात मिनिटाला ५ मिलिमीटर पाणी धरतात. म्हणजे सव्वीस जुलैचा अख्ख्या दिवसाचा पाऊस साधारण तीन तासांत, तेवढ्याच जागेवर. ऐकायला भरपूर वाटतं. पण उंच रॅकवर रचलेल्या प्लास्टिकच्या मालाला हे पुरत नाही. त्यासाठी जे मोठे स्प्रिंकलर वापरतात त्यांच्याखाली मिनिटाला ४० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं. सव्वीस जुलै, चोवीस मिनिटांत!

या मोठ्या स्प्रिंकलरना ईएसएफआर म्हणतात. १९८० च्या दशकात ते आले. कल्पना अशी की आगीला थोपवून धरत बसायचं नाही, ती लहान असतानाच तिच्या मुळाशी इतकं पाणी ओतायचं की ती तिथेच संपली पाहिजे. त्यांची उष्णता ओळखणारी रचना नाजूक, म्हणून ते लवकर उघडतात. तोंडही मोठं. तोंडाच्या मापाला के-फॅक्टर म्हणतात. ऑफिसात दिसतो तो बहुतेक के ८०, म्हणजे एक बार दाबाला मिनिटाला ८० लिटर. ईएसएफआरमधला नेहमीचा म्हणजे के २००. त्याच दाबाला २०० लिटर. आणि लक्षात ठेवा, दाब चौपट केला तर पाणी दुप्पटच होतं. त्यामुळे "लहानच लावू, पंप मोठा घेऊ" ही युक्ती फार लांब जात नाही.

ईएसएफआर लावा आणि निवांत झोपा, असं सांगणारे विक्रेते बरेच भेटतील. त्यांना एकच प्रश्न विचारा, पाणी किती लागेल?

मी सांगतो. साडेतीन बार दाबाला के २०० चा एक स्प्रिंकलर मिनिटाला ३७४ लिटर पाणी ओततो. डिझाइन करताना असे बारा एकदम उघडतील असं धरतात. झाले मिनिटाला जवळपास साडेचार हजार लिटर. हे तासभर चालायला हवं, म्हणजे पावणेतीन लाखांच्या आसपास. वर अग्निशमन दलाच्या नळ्यांसाठी साधारण सत्तावन्न हजार. एकूण सव्वातीन लाख लिटर. दहा हजार लिटरचे बत्तीस टँकर. आणि हे पाणी कायम भरलेलं पाहिजे, मे महिन्यातसुद्धा.

मे महिना म्हटलं की खारेपाटातल्या बायकांना काय आठवतं ते मी सांगायला नको. हेटवणे धरण पेण तालुक्यात, त्याचं पाणी नवी मुंबईकडे जातं, आणि इथल्या गावांनी वर्षानुवर्षं उन्हाळ्यात टँकरची वाट बघितली. अशा गावाच्या शेजारी कुंपणाआड सव्वातीन लाख लिटर पाणी नुसतं उभं राहणार. दोन गोष्टी होऊ शकतात. एक म्हणजे मालक ते कागदावर भरतो आणि टाकी अर्धीच ठेवतो. दुसरी म्हणजे कोणीतरी माणुसकीने म्हणा की गरजेने म्हणा, त्यातलं वापरायला काढतो. दोन्हींचा परिणाम एकच. म्हणून मी म्हणतो की उंची आधी ठरवून मग पाणी शोधायचं हा क्रम उलटा आहे. आधी बारा महिने किती पाणी नक्की राखता येईल ते मोजा, टाकी पावसाच्या पाण्यावर भरता येते का ते बघा, आणि त्या पाण्याला झेपेल तेवढीच उंची रचा. कोकणात पाऊस भरपूर पडतो, छपरं मोठाली आहेत, पन्हळी लावून टाकी भरायला कोणाची परवानगी लागत नाही. पण हा विचार इमारत उभी राहण्याआधी करायचा असतो.

ईएसएफआरच्या आणखी अटी आहेत. तो सरळ, मोकळ्या छपराखालीच धड काम करतो. पाण्याच्या वाटेत दिव्याची पेटी, केबलचा ट्रे, पाइप आला तर ओतलेलं पाणी आगीवर न पडता भलतीकडे जातं. मालाचा माथा आणि स्प्रिंकलर यांत साधारण ९० सेंटिमीटर अंतर हवं. आणि छप्पर फार उतरतं नको. बारा फुटांना दोन फूट यापेक्षा जास्त उतार असेल तर तो चालत नाही. नवीन लोखंडी सांगाड्याच्या गोदामांचा उतार यात बसतो. पण आपल्याकडच्या जुन्या भातगिरण्या, पोह्यांच्या गिरण्या, कौलारू वखारी? त्यांची छपरं पाऊस झटकायला म्हणूनच उभट बांधलेली आहेत. तिथे उष्णता सरळ आढ्याकडे पळते, आणि आगीच्या डोक्यावरचा स्प्रिंकलर थंडच राहून भलतीकडचाच उघडतो.

अशा ठिकाणी दुसरा मार्ग, रॅकच्या आतच स्प्रिंकलर बसवायचे. कप्प्यांच्या मधे, आगीच्या अगदी जवळ. पाणी कमी लागतं, सलग फळ्या असल्या तरी चालतं, छपराची पंचाईत राहत नाही. मला व्यक्तिशः हा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो. मालकांना मात्र आवडत नाही. फोर्कलिफ्टचा धक्का लागला की तोंड तुटतं आणि माल भिजतो, रॅक हलवायचे तर पाइपही हलवावे लागतात. तक्रार खरी आहे. पण फोर्कलिफ्टच्या वाटेत लोखंडी आडोसा लावता येतो. आणि प्रत्येक आतल्या स्प्रिंकलरच्या डोक्यावर छोटी थाळी बसवायला विसरू नका, नाहीतर वरच्याचं पाणी खालच्या कुपीवर पडतं, ती गार राहते आणि फुटतच नाही.

तिसरा मार्ग सगळ्यात स्वस्त, म्हणून त्याबद्दल कोणी बोलत नाही. थप्पी कमी उंच ठेवा. माल वेगळा करा. थर्माकोल एका खोलीत, थिनर दुसऱ्या, पेंढा तिसरीकडे, मधे पक्की भिंत. मूर्तीच्या लहान कारखानदाराला सव्वातीन लाखांची टाकी परवडणार नाही, आणि त्याला ती सांगणं म्हणजे काहीच न सांगण्यासारखं आहे. त्याला एवढंच सांगावं की पेंढा रोज लागेल तेवढाच आत आण, रंगाचा फवारा चालतो तिथे उघडी ठिणगी नको, आणि रात्री कामगार मांडण्यांच्या मधे झोपत असतील तर त्यांच्या बाजूला बाहेर पडायचं दार कायम उघडं ठेव. हंगामात कितीतरी पोरं कारखान्यातच झोपतात. मूर्ती पुन्हा करता येईल.

तापमानाबद्दलही एक राहिलं. वैशाखात पत्र्याच्या छपराखाली हात वर केला तर चटका बसेल अशी हवा असते. तिथे लाल कुपी लावली, ६८ अंशांची, तर एखाद्या दुपारी आग नसताना फुटायची. साधा नियम असा की त्या जागेच्या कमाल तापमानापेक्षा साधारण ३० अंश वरची कुपी घ्यायची. न झाकलेल्या पत्र्याखाली पिवळी किंवा हिरवी बरी, ईएसएफआरमध्ये १०१ अंशांचा प्रकार मिळतो. खाडीकडच्या खाऱ्या हवेत गंज लागतो, म्हणून लेप दिलेले घ्यावेत, पण तो लेप कारखान्यातूनच आलेला असावा. स्प्रिंकलरला आपण रंग द्यायचा नसतो. दिवाळीच्या रंगकामात रंगाऱ्याने कुपीवर ब्रश फिरवला की तो स्प्रिंकलर बदलायचा.

आता रोह्याकडे. पेणहून गाडीने रोह्याला उतरलं की धाटावची एमआयडीसी जवळच. रसायनांचे कारखाने, आणि त्यांची गोदामं. इथे वर लिहिलेलं बरंचसं लागू पडत नाही, हे आधी मान्य केलं पाहिजे. ज्वालाग्राही द्रवाचं प्लास्टिक पिंप आगीत वितळतं, द्रव जमिनीवर पसरतो, आणि पेटतं डबकं रॅकखालून पलीकडे सरकतं. काही द्रव पाण्यावर तरंगत जळत राहतात. काही रसायनांना तर पाणीच चालत नाही. तिथे फोम, जमिनीला उतार, द्रव साठवून धरणारे खड्डे, वेगळ्या खोल्या, असा संपूर्ण वेगळा विचार लागतो. १२ सप्टेंबर २०२४ ला धाटावमध्ये मिथेनॉलच्या टाकीचा स्फोट होऊन तीन कामगार गेले. ती घटना टाकीची होती, रॅकची नाही, आणि स्प्रिंकलरने ती टळली असती असं मी मुळीच म्हणणार नाही. पण ज्या गावाने हे बघितलंय त्या गावात "साधा चालेल ना?" हा प्रश्न तरी कोणी विचारू नये.

आणि रोह्याला कुंडलिका आहे. आगीवर ओतलेलं पाणी कुठेतरी जातंच. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझ कंपनीचं कीटकनाशकांचं गोदाम पेटलं. त्या गोदामात स्प्रिंकलर नव्हते. अग्निशमन दलाने प्रचंड पाणी मारलं, ते सगळं विष घेऊन ऱ्हाईन नदीत उतरलं, नदी तांबडी झाली आणि पुढे शेकडो किलोमीटर मासे मेले. म्हणून रसायनांच्या गोदामात लवकर उघडणारी योग्य यंत्रणा म्हणजे नदीचीही काळजी, कारण आग लहान असतानाच आटोपली की पाणी कमी लागतं. आणि जे लागेल ते अडवायला बंधारा हवा. हिशोबात टाकीइतकीच जागा त्या खड्ड्यालाही द्यायची.

"एवढं कशाला, अग्निशमन दल आहे की!" हे पुढचं वाक्य. आहे, आणि ती माणसं जिवावर उदार होऊन काम करतात. पण रॅकची आग मिनिटांत माथ्याला पोचते, आणि बंब यायला रस्ता लागतो. पनवेल-इंदापूर रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं, पुढची कितीतरी वर्षं आपण सगळ्यांनी त्या रस्त्यावर काय काढलं ते आठवा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, म्हणजे कारखाने आणि गोदामं सगळ्यात जास्त भरलेली असतात तेव्हाच, हायवेवर कोंडी सगळ्यात जास्त असते.

"विमा आहे ना?" विमा मालाचा असतो. रात्री आत असलेल्या माणसाचा नसतो. शिवाय अर्जात टाइल्स लिहून आत प्लास्टिक ठेवलं असेल तर विमा कंपनी काय म्हणेल ते वेगळंच.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा आहे. त्याप्रमाणे मालकाने किंवा वापरणाऱ्याने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं, फॉर्म बी. कायदा चांगला आहे. पण "चालू स्थितीत" म्हणजे पंप चालतो, व्हॉल्व्ह उघडा आहे, दाब येतो. (हेही कमी नाही म्हणा. स्प्रिंकलर फसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण कोणीतरी बंद करून ठेवलेला व्हॉल्व्ह हेच असतं.) माझं भांडण पुढच्या पायरीशी आहे. समजा एका काकांनी टाइल्ससाठी गोदाम बांधलं. यंत्रणा टाइल्सना साजेशी, नकाशा मंजूर, सगळं रीतसर. तीन वर्षांनी भाडेकरू बदलला, नव्याने प्लास्टिकच्या खुर्च्या भरल्या आणि रॅक दोन कप्पे वाढवले. पंप चालतो, व्हॉल्व्ह उघडा, दाब उत्तम. प्रमाणपत्र मिळेल, आणि त्या प्रमाणपत्रात एक अक्षरही खोटं नसेल. तरी ते गोदाम उघड्यावर पडलंय. यात कोणी लबाडी केलेली नाही. फक्त तो प्रश्न कोणी विचारलाच नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक गोदामाच्या दारावर, आतल्या बाजूला, मोठ्या अक्षरात मराठीत एक पाटी असावी. हे गोदाम कुठल्या मालासाठी आहे. कमाल किती उंच रचायचं. पॅलेट लाकडी की प्लास्टिक. स्प्रिंकलर कुठला, दाब किती, टाकीत पाणी किती. एवढ्या पाच ओळी. त्या वाचायला इंजिनिअर लागत नाही. हमाल वाचेल, फोर्कलिफ्टवाला वाचेल, रात्रीचा पहारेकरी वाचेल, तपासणीला आलेला माणूस वाचेल. आणि आतला माल त्या पाटीशी जुळत नसेल तर तो कोणाच्याही लक्षात येईल. भाडेकराराच्या कागदातही त्याच पाच ओळी घाला. माल बदलणार असाल तर आधी कळवा, ही अट घाला. वकील जास्त पैसे घेणार नाही.

नात्यातल्या मंडळींना वेगळं सांगतो. जागा तुमची, सातबारा तुमच्या नावावर, भाडं दर महिन्याला खात्यात जमा होतं, पण आत काय रचलंय ते तुम्ही कधी जाऊन बघितलं आहे का? वर्षातून दोनदा तरी जा. वर बघण्याआधी समोर बघा. रॅकमधल्या फटी मोकळ्या आहेत का, टाकीचं झाकण उघडून पाणी दिसतं का, रात्री आत कोण झोपतं. एवढं केलंत तर कुठला स्प्रिंकलर लावायचा हे सांगणं माझ्यासाठी अर्ध्या तासाचं काम आहे.

असो. बरंच लांबलं. तुमच्या गावातल्या एखाद्या गोदामात किंवा कारखान्यात अशी पाटी कोणी पाहिली असेल तर जरूर कळवा. मी अजून शोधतोय.